दहा सेकंदांची कोयरी

आमच्या घरात आवाज चढवायचा मान माझ्याकडे आहे. आप्पा शांत, आई त्यांच्याहून शांत, आणि मी दुकानातल्या गिऱ्हाइकापासून घरातल्या मिक्सरपर्यंत सगळ्यांशी भांडते. त्यामुळे मागच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं चहाचा कप खाली ठेवला आणि "माले पंचिंग शिकनं शे," असं सरळ सांगून टाकलं, तेव्हा आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आप्पांकडे. आई काही मागते, याची आम्हाला सवयच नव्हती.

आम्ही मूळचे खानदेशातले. माझा जन्म सुरतेतला, शाळा गोडादऱ्यातली. बाहेर मी गुजराती, हिंदी, लागेल ते बोलते, पण उंबरठ्याच्या आत अहिराणीच. आप्पा पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये आहेत. आई मला कळायला लागल्यापासून घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. साडी मांडीवर, डाव्या हाताला खड्यांची ताटली, उजव्या हाताला गमाची नळी. एक थेंब, एक खडा, बोटानं दाब, पुढचा थेंब. त्या गमाला असा उग्र वास की पाहुणे दारातच नाक पुसायचे. आम्हाला तो घराचाच वास वाटायचा.

पण त्या वर्षी आईचा खोकला जाईना. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली. टोकं गुळगुळीत झालेली, कडेला भेगा. ते म्हणाले, हा गम सोडा, औषधं नंतर बघू. आई "हो" म्हणाली, घरी आली आणि ताटली पुढ्यात घेऊन बसली. दुसरं करणार काय? हातात दुसरं काम नव्हतं.

ते दुसरं काम तिनं आमच्या नकळत शोधून ठेवलं होतं. भरतकामाच्या मशीनला डिझाइन लागतं, आणि ते कॉम्प्युटरवर टाका टाका मोजून बसवावं लागतं. त्याला इथं पंचिंग म्हणतात. आई ज्या कारखान्याचा माल करायची, तिथल्या डिझाइनच्या खोलीत एक गुजराती बेन आहेत. माल पोचवायला गेलेल्या आईनं त्यांना धीर करून विचारलं होतं. बेन म्हणाल्या होत्या, "लाभपाचमे एक जणने लेवानी छे. पण माउस पकडतां आवडवुं जोइए." माणूस एकच घ्यायचा होता, माउस धरता येणारा, आणि दोन शिकलेल्या मुलींनी आधीच विचारून ठेवलं होतं. लाभपाचमेला, म्हणजे दिवाळीनंतर बाजार उघडतो त्या दिवशी, तिघींनी यायचं. जिचा हात बसला असेल तिला खुर्ची.

आईनं जन्मात माउस धरला नव्हता. हातात तीन आठवडे. आणि मी, जिच्या टेबलावर रोज पाच कॉम्प्युटर पोट उघडून पडलेले असतात, जी उधना दरवाजाजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात "आपली मॅडम" म्हणून ओळखली जाते, तिच्या घरी एक धड कॉम्प्युटर नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी शेठकडे गेले. आमचे शेठ मनानं दिलदार, पण दिलेली वस्तू कधी चालत नाही एवढंच. त्यांनी माळ्यावरून एक चपटा डबा काढला, पुस्तकाएवढा. कुठल्याशा मिलनं ऑफिस बदललं तेव्हा भंगारात आलेला. आत डिस्क नाही, डिस्क लावायला जागाही नाही. असले डबे मोठ्या ऑफिसात दुसऱ्या कॉम्प्युटरच्या जिवावर चालतात. शिवाय इतका जुना की पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला नाही म्हणायचा, बाहेरून जोडलेल्या सीडी ड्राइव्हवरून मात्र व्हायचा. "लई जा, कोई लेतुं नथी," शेठ म्हणाले आणि वर एक ड्राइव्ह, एक जुना पडदा आणि एक माउसही दिला. कीबोर्ड मी भांडून घेतला.

मला अडचण वाटली नाही. डिस्क नसलेल्या डब्यासाठी लाइव्ह सीडी असतेच. लिनक्सची एक सीडी घालायची, सगळा संसार त्या सीडीवरून थेट सुरू होतो, काही बसवायला लागत नाही. मी तीन-चार सीड्या पाहिल्या. नव्या सगळ्या जड, डब्याची स्मरणशक्ती एवढीशी, धापा टाकायला लागला. एक जुनी, हलकी सीडी सापडली. तिच्यात चित्र काढायचा प्रोग्रामही होता. रविवारी सकाळी मी ती घरी घातली. आप्पा अंघोळ करून, केस विंचरून, जणू फोटोच काढायचाय असे येऊन बसले. आईनं हात पदराला पुसले.

पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर धावली. मग थांबली. खाली इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हनस ते?" आईनं विचारलं.

"म्हनस, सीडी सापडत नही."

आप्पांनी ड्राइव्हकडे पाहिलं. सीडी आत गरगरत होती. ते म्हणाले, "जो दरवाजामा उभा शे, तोच इचारी ऱ्हायना, दरवाजा कोठे शे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण वेडेपणाला कारण होतं, आणि ते मला दहा मिनिटांत कळलं. सुरुवातीला डबा स्वतःच सीडीवरून दोन वस्तू उचलतो. एक लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, आणि दुसरी एक छोटीशी गाठोडी, इनिटआरडी. मी तिला शिदोरी म्हणते. कर्नल जागा होतो तेव्हा त्याला घरातलं काहीच माहीत नसतं. शिदोरीत बांधून दिलेल्या चार जिनसांवर त्यानं पहिला प्रवास करायचा, सीडी शोधायची, तिच्यावरचं मोठं घर उघडायचं, मग पोटभर जेवण. आमच्या डब्यात बाहेरचा ड्राइव्ह जोडायची जी चिप होती, ती कुणीतरी अनोळखी कंपनीची. तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर शिदोरीत नव्हता. तो त्याच सीडीवरच्या मोठ्या घरात होता, म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत. शिदोरी सोडून त्यात तो ड्रायव्हर ठेवायचा, आणि पुन्हा बांधायची, एवढंच काम होतं.

एवढंच! मी शेखीनं सांगितलं, उद्या करून आणते.

सुरतेत दुपारी बाजार अर्धा झोपतो. शेठ गल्ल्यामागे घोरायला लागले की मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर बसायचे. शिदोरीचं पहिलं वेष्टण सोडलं, दुसरं सोडलं, आणि आत एक छोटंसं जग उलगडलं. चार-पाच फोल्डर, थोडी अवजारं, आणि सगळ्यांत वर "इनिट" नावाची एक साधी यादी, म्हणजे कर्नलनं उठल्यावर काय काय करायचं त्याचा हुकूम. साधी, वाचता येणारी वाक्यं. इतकी वर्षं मी कॉम्प्युटर सुरू करते आहे, पण तो जागा होताना पहिल्यांदा काय पुटपुटतो, ते मी कधी वाचलं नव्हतं. खरं सांगते, मला फार आनंद झाला. शेजारचा मोबाइलवाला विचारत होता, लॉटरी लागली का.

मोठ्या घरातून ड्रायव्हर काढला, शिदोरीत ठेवला, हुकुमात एक ओळ वाढवली, बांधलं, सीडी जाळली, म्हणजे कोऱ्या सीडीवर सगळं उतरवलं. संध्याकाळी घरी घातली, तर कर्नल जागा झाला आणि जागीच कोसळला. पडद्यावर "पॅनिक" असा शब्द. झालं होतं असं की मी फोल्डरच्या आत बसून बांधायच्याऐवजी फोल्डरसकट बांधलं होतं. कर्नल हुकूम शोधतो सगळ्यांत वरच्या पायरीवर, आणि माझा हुकूम एक पायरी आत. नव्या पोरानं केली असती तर मी त्याला दिवसभर सोललं असतं अशी चूक.

दुसरी सीडी. आता कोसळला नाही, पण पुन्हा तेच, सीडी सापडत नाही. या वेळी ड्रायव्हर बरोबर होता, पण ड्राइव्ह म्हातारा. हाक मारल्यावर उठून बसायला त्याला वेळ लागायचा, आणि माझा हुकूम लगेच विचारून लगेच निराश व्हायचा. माझ्यासारखाच. तिसऱ्या सीडीत मी आणखी एक ओळ घातली. दहा सेकंद थांब, मग विचार. वाया गेलेल्या दोन सीड्या आप्पांनी गॅलरीत दोऱ्याला टांगल्या, कबुतरं घाबरून पळावीत म्हणून. कबुतरं त्यांच्यात तोंड बघायला लागली ती गोष्ट वेगळी.

तिसरी सीडी चालली. दहा सेकंद काळोख, मग निळा पडदा, त्यावर छोटी छोटी चित्रं, आणि मधोमध बाण. आईनं माउसवर हात ठेवला, तो तापलेला तवा असावा तसा. बाण हलला. ती दचकली, मी हसले, आप्पांनी टाळी वाजवली. टेबलाची कड आली की आई माउस उचलून हवेत पुढे न्यायची आणि बाण का येत नाही म्हणून पडद्याकडे रागानं बघायची. संध्याकाळपर्यंत तिनं एक पान काढलं. शेजारच्या तीन बायका पाहायला आल्या, त्याही खडे लावणाऱ्याच. एकीनं विचारलं, ही चप्पल का? आई इतकी हसली की खोकला आला, आणि खोकत खोकत पुन्हा हसली. मी तशाच आणखी दोन सीड्या जाळून ठेवल्या, अडीअडचणीला.

तीन दिवस मजेत गेले. रोज मी दुकानातून आले की आई दिवसभरातली पानं दाखवायची. चप्पल जाऊन हळूहळू पान दिसायला लागलं होतं.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. सुरू होत नाही. संध्याकाळी मी लावून पाहिलं, ड्राइव्ह घरघरला, अक्षरं धावली, थांबली. सीडी सापडत नाही. दुसरी सीडी घालून ठेव म्हणून मी आईला स्वयंपाकघरातूनच सांगितलं. तीही नाही, तिसरीही नाही. माझी खात्री झाली की दहा सेकंद कमी पडताहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा केले, मग वीस. मग वाटलं ड्रायव्हरच चुकीचा, तो बदलला. मग हुकूमच पहिल्यापासून लिहिला. दोन दुपारी गेल्या, घरी लावून पाहावी अशी एकही नवी सीडी अजून जाळली नव्हती. दिवाळी पुढ्यात, लाभपाचमेला अकरा दिवस राहिलेले, आणि मी चांगली बांधलेली शिदोरी पुन्हा पुन्हा सोडत बसले होते. मोबाइलवाल्याशी भांडले, शेठशीही भांडले. शेठ म्हणाले, घेर जा, तारी तबियत बराबर नथी.

म्हणून त्या दिवशी मी दुपारीच घरी आले, नवी सीडी घेऊन. ड्राइव्ह उघडला, आतली सीडी काढली, आणि उलटसुलट फिरवली.

सीडीवर मोर होता. हिरव्या, निळ्या, सोनेरी खड्यांचा, पिसारा अर्ध्या सीडीवर पसरलेला, डोळ्याच्या जागी लाल खडा, मधल्या भोकाभोवती बारीक मोत्यांची कड, आणि खाली हळदकुंकवाची दोन बोटं. इतकं सुंदर काम आईनं कुठल्या साडीवर केलेलं मी पाहिलं नव्हतं. दुसरी सीडी पाहिली, तिच्यावर कमळ. तिसरीवर आंब्याचा डहाळा.

ड्राइव्ह का घरघरत होता ते आता कळलं. सीडी एका अंगाला जड झालेली, फिरताना डुगडुगायची, खडे वरच्या पत्र्याला घासायचे. माझ्या शिदोरीत काही बिघडलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. "तुले कोनी सांगेल व्हतं हाई कराले?" मी ओरडले. दोन दिवस मी तिकडे डोकं फोडते आहे आणि तू इकडे मोर काढतेस, असं बरंच काही. शेजारपाजारच्यांना ऐकू गेलंच असेल.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "समद्या सीड्या सारख्याच दिसतस. तू वर इंग्रजीमा लिखस. कोनती चांगली, कोनती वाया गयेल, माले कसं समजी?"

तिचं खरंच होतं. घरात चालणाऱ्या सीड्या होत्या, न चालणाऱ्या होत्या, दिवाळीच्या भजनांच्याही होत्या. मी त्यांच्यावर माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात काहीतरी खरडून ठेवलेलं. तिनं लावून बघून चांगल्या ओळखल्या आणि तिला जी खूण करता येते ती केली. चमकती बाजू आत जाते, म्हणून खडे दुसऱ्या बाजूला लावले, एवढा विचारही केला होता.

ती सुई घेऊन बसली आणि मोराचे खडे एकेक उपटायला लागली. पण सीडीचा जीव असतो वरच्याच बाजूला, शाईच्या पातळ थराखाली, आणि त्या गमानं तो खाल्ला होता. खड्याबरोबर चांदीचा पापुद्रा निघायचा. आईनं सीडी उजेडाकडे धरली. मोराच्या आकाराची शंभर भोकं, प्रत्येकातून उजेड. ती खाली ठेवून ती म्हणाली, "मन्हामुये बिघडनं. ऱ्हाऊ दे. माले जमाव नही."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण माझ्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागणारी माझी आई ते मागणं परत घेत होती, आणि माझ्या तोंडामुळे घेत होती. मला इतकी लाज वाटली की मी तिथंच जमिनीवर बसले आणि तिचे पाय धरले. ती म्हणाली, "ऊठ वं, येडी कोठली." मी म्हटलं, तू लाभपाचमेला जाशील असं म्हण, मग उठते. तिनं म्हटलं. मग उठले.

आता खूण कशी करायची? सीडीवर काही लावायचं नाही, अक्षर वाचायचं नाही. मला ते दहा सेकंद आठवले. हुकुमात दहा सेकंद थांब असं लिहिलेलं, तेवढा वेळ पडदा रिकामाच असायचा. तिथं मराठी अक्षरं उमटत नाहीत, चित्र उमटत नाही, पण चांदणी उमटते, कीबोर्डावरची साधी चांदणी. आडव्या ऐंशी घरांत, उभ्या पंचवीस ओळींत. मी आईला आलेखाची वही आणून दिली आणि सांगितलं, एका घरात एक खडा. तुला हवं ते काढ. शिदोरीत तुझं डिझाइन बांधून देते. ते दिसलं की समज, सीडी चांगली.

आईनं ताटली बाजूला सारली आणि पेन्सिल घेतली. तिनं वीस ओळींची कोयरी काढली. आत बारीक कोयरी, तिच्या आत एक ठिपका. तासाभरात वही माझ्या हातात. दुसऱ्या दिवशी मी ती ओळीओळीनं हुकुमात उतरवली, प्रत्येक ओळीला अर्धा सेकंद, म्हणजे वरून खाली विणल्यासारखी यावी. संध्याकाळी सीडी घातली. चांदण्या उमटायला लागल्या आणि आई पुढे सरकली.

"हाई मन्ही कोयरी नही," ती म्हणाली. "हाऊ दुधी शे."

खरंच दुधी भोपळा दिसत होता. वहीतलं घर चौरस, पडद्यावरचं घर उभट. मी समजावणार होते, पण आईनं पडद्यावर बोट ठेवून एका चांदणीची उंची मोजली, रुंदी मोजली, वही ओढली आणि आडवी घरं दुप्पट करून कोयरी पुन्हा काढली. मी काही शिकवलं नाही. कापड ताणलं की डिझाइन लांबतं, हे तिला माझ्या कॉम्प्युटरच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. पुढच्या सीडीतली कोयरी नीट गोल आली, फक्त चौदाव्या ओळीत एक चांदणी चुकलेली. ती माझी चूक. आईनं ती अर्ध्या सेकंदात पकडली. मी निमूटपणे शिदोरी पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली.

त्यानंतर डबा एकदाही अडला नाही. दिवाळीत लोक फराळाला आले की आप्पा आधी डबा सुरू करून दाखवायचे. दहा सेकंद सगळे चिवडा हातात धरून उभे. कोयरी पूर्ण झाली की वाहवा, आणि लगेच आप्पा तो बंद करून पुन्हा सुरू करायचे. आईला सरावाला वेळ मिळेना, म्हणून शेवटी मला त्यांच्यावर ओरडावं लागलं.

लाभपाचमेला मी आईला सोडायला गेले आणि परत यायचं सोडून दाराशीच चिकटले. बेनच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, तीन बायका. आईच्या दोन्ही बाजूंच्या मुली भराभर क्लिक करत होत्या. इथला पडदा आमच्या डब्यासारखा नव्हता, सगळी चित्रं वेगळ्या जागी. आईनं आधी सगळीकडे शांतपणे नजर फिरवली, मग चित्र काढायची पेन्सिल शोधली आणि बेननं दिलेली वेल काढायला लागली. हळू, पण न थांबता. मुलींचं झालं तेव्हा आईची अर्धी झाली होती. मी मनात कुलदैवताला सांगत होते, आज जमवून दे, मी महिनाभर कुणावर ओरडणार नाही.

मग बेननं तिघींना कोपऱ्याचा नमुना दिला. पानाच्या टोकाशी नऊ खड्यांच्या जागा दाखवायच्या, गच्च. मुलींनी नऊ ठिपके दिले. आईनं सहा दिले आणि थांबली.

"नव मूको," बेन म्हणाल्या, पूर्ण नऊ ठेवा.

आईनं तिच्या मोडक्या गुजरातीत सांगितलं, इतके जवळ नाही चालत, बेन. एक खडा दाबताना बोट बाजूच्याला लागतं, ओल्या गमावर तो बोटाला चिकटून निघून येतो. दहा साड्यांतल्या दोन याच कोपऱ्यामुळे तुमच्याकडे परत येतात. असं म्हणून तिनं सहा ठिपके थोडे थोडे सरकवले, जागा तेवढीच, आणि कोपरा भरलेला दिसायला लागला. बेन खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. खूप वेळ पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अमने तो कोइए कह्युं ज नथी."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. कोण सांगणार? खडे लावणारीला कुणी कधी विचारलं नव्हतं. खुर्ची आईला मिळाली. वाटेत आम्ही दोघींनी डाळीचा वाफाळता सुरती लोच्यो खाल्ला, आईनं वरून जास्तीची शेव मागून घेतली. कुलदैवताला दिलेला शब्द मी चार दिवस पाळला.

आता आई रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन कामाला निघते. घरातला गमाचा वास हळूहळू गेला. तो गेल्यावर कळलं की तो होता. शेठच्या त्या जुन्या डब्यावर आप्पा पत्ते खेळतात आणि कॉम्प्युटरकडून हरतात.

एक गोष्ट मात्र आईनं आम्हाला सांगितली नव्हती, ती मला संक्रांतीच्या सुमारास बेनकडून कळली. ऑफिसात हजेरी अंगठ्यानं लागते. पहिल्या दिवशी नोंदणीसाठी तिनं काचेवर अंगठा ठेवला आणि मशीननं तो घेतलाच नाही. दुसरी बोटंही नाही. गमानं आणि दाबून दाबून रेषाच उरल्या नव्हत्या. बेननं एकदाचं नाव नोंदवून घेतलं आणि आकडा दाबायला सांगितलं. आई रोज आकडा दाबायची. पण त्याआधी रोज एकदा अंगठा ठेवून पाहायची, मशीन नाही म्हणायचं, आणि मग ती आकडा दाबायची. दोन महिने असेच गेले. गम सुटला की रेषा परत उमटतात, असं थंडीत कुणीतरी सुचवलं म्हणून बेननं तिचा अंगठा पुन्हा नोंदवून पाहिला, अर्धामुर्धा लागला. तरी मशीन रोज नाहीच म्हणायचं.

होळीच्या आधीची एक सकाळ. मी गिऱ्हाइकाशी वाद घालत होते. आईचा फोन. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही, म्हणून मी वाद अर्धाच टाकून तो उचलला.

"काय व्हयनं, माय?"

"काही नही," ती म्हणाली. श्वास मोकळा. खोकला नव्हता त्यात. "मन्हा अंगठा लागना वं. पडदावर मन्हं नाव उनं."

मी काउंटरवर डोकं टेकवून रडले. गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, मॅडम, राहू द्या, तुम्ही म्हणाल ते खरं.

"ऐकी ऱ्हायनी ना?" आईनं विचारलं. "ठेवस आते. माले काम शे."